कोपरा नसलेलं कार्ड

धुळे,
३० ऑगस्ट १९४२

प्रिय कुंदा,

भुसावळच्या सिस्टरांच्या शाळेतल्या शनिवारच्या दुपारी आज सारख्या डोळ्यांपुढे येत आहेत. न्हाणं झालं की आपण दोघी मागच्या पायऱ्यांवर केस मोकळे सोडून बसायचो. तू माझ्या पाठीवर वही टेकवून घरी पत्र लिहायचीस. टाकाचं टोक पोलक्यातून टोचलं की मी हलायचे, आणि मग माझ्यामुळे वेलांटी आगगाडीएवढी लांबली म्हणून तू मला दटावायचीस. पाठीवर त्या जागी अजून कधी कधी खाज सुटते. आता तिथे हात पोहोचत नाही, एवढाच फरक.

पत्र लिहून झालं की पाकीट उघडंच ठेवून सिस्टरांच्या टेबलावर न्यावं लागे. त्या चष्मा पुसून प्रत्येकीचं पत्र वाचायच्या. म्हणून आपण सगळ्या घरी एकच लिहायचो, की आम्ही सुखात आहोत, जेवण चांगलं असतं. तुझ्या आईनं एकदा तुझ्या वडिलांना विचारलं होतं म्हणे, की पोर खरंच सुखात आहे की कुणी सांगून लिहून घेतंय.

हे सगळं आठवायचं कारण सांगते. रागावू नकोस. मी आता त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते.

माझे घरमालक लखीचंदशेट यांच्या कापसाच्या बखारीवर एक लांब खोली आहे. गेल्या पंधरवड्यात, गावोगाव गडबड सुरू झाल्यावर, सरकारनं तिथे सेन्सॉरचं टेबल मांडलं. टपालाच्या पिशव्या आधी तिथे येतात. आम्ही तिघं पत्रं वाचतो, योग्य ती पुढे सोडतो, बाकीची अडवतो. इंग्रजी, मराठी आणि अहिराणी तिन्ही वाचणारं माणूस हवं होतं. पंचवीस वर्षं इथल्या मुलींना शिकवलेली निवृत्त मास्तरीण त्यांना बरी सापडली.

का गेले, हे तुला नाही तर कुणाला सांगू? शाळा सुटल्यापासून मला तुझ्याखेरीज कुणाचं पत्र येत नाही. आता दिवसाला दोनशे येतात. त्यांतलं एकही माझं नसतं, पण कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या जावयाला नोकरी लागली, हे कळत राहतं. संध्याकाळी घरी आले की भाकरी थापताना त्या माणसांचा विचार करता येतो. पूर्वी भाकरी थापताना फक्त भाकरीच असायची.

डोळ्याचं काय म्हणाले डॉक्टर? भुसावळला केव्हा जाणार?

तुझी,
इंदू

•

पिंप्राळा,
६ सप्टेंबर १९४२

इंदू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पाकिटाला सेन्सॉरची पट्टी नव्हती, तेव्हा तुझं पत्र तूच वाचून तूच पास केलेलं दिसतंय. शाळेतही आपल्या गणिताच्या वह्या तू स्वतःच तपासायचीस.

मी रागावलेली नाही. पण आवडलं नाही, हे सांगितलं नाही तर मीही ‘सुखात आहे’ छापाचं पत्र लिहिल्यासारखं होईल. आमच्या विहिरीवरून पाणी वाहणारी बाई घागर आणून देते. वाटेत घागरीत डोकावून, हे पाणी तुमच्या पोटाला बरं नाही म्हणून अर्धी ओतून देत नाही. पत्र पोहोचवायचं काम ज्यानं घेतलं त्यानं ते पोहोचवावं. आतलं बरं की वाईट, हे ज्याच्या नावचं आहे तो बघेल.

तू म्हणशील, कुंदे, तूही लोकांची पत्रं वाचतेस. वाचते. निम्मं पिंप्राळा माझ्या ओट्यावर पत्र घेऊन येतं. पण ती माणसं स्वतःच्या पायांनी येतात आणि मी एक अक्षर गाळलं तर मला सोडत नाहीत.

समोरची मंजुळा तर मुळीच सोडत नाही. तिचा नवरा सुकदेव दोन वर्षांपासून तुमच्या धुळ्याला गिरणीत आहे. त्याला लिहिता येत नाही. चाळीतल्या कुणाकडून महिन्याला एक कार्ड लिहून घेतो. पोस्टमन लोटन सायकलवरूनच हाक मारतो आणि मंजुळा हातातलं टाकून धावते. कार्ड माझ्याकडे आणते आणि म्हणते, “अक्का, हळू वाचा.” मी तीनदा वाचते. ती डोळे मिटून ऐकते. मग कार्ड ज्वारीच्या कणगीत खुपसून ठेवते. तिची सासू तानुबाई म्हणते, या घरात ज्वारीपेक्षा कागद जास्त झाले.

गेल्या महिन्याचं कार्ड आलं नाही. पोळा चार दिवसांवर आलाय आणि सुकदेव पोळ्याला येतो म्हणाला होता. ती रोज विचारते. तुझ्या त्या टेबलावर पडलं असलं तर पुढे ढकल.

मी अकराला डोळ्यासाठी भुसावळला जाते. आठ-दहा दिवस तिथेच. लेक सुरतेहून येणार नाही, तिच्या घरी अडचण आहे. मी एकटी जाईन. सवय आहे.

कुंदा

•

धुळे,
१२ सप्टेंबर १९४२

प्रिय कुंदा,

हे पत्र पोहोचेल तेव्हा तुझ्या डोळ्यावर पट्टी असेल. घरी आल्यावर सावकाश वाच.

तुझं पाणक्याबाईचं बोलणं मनाला लागलं, पण पटलं नाही. मागच्या आठवड्यात एक पत्र माझ्या हाती आलं. अमक्या दिवशी, अमक्या पुलाजवळ रुळांचे बोल्ट काढायचे, एवढंच त्यात होतं. मी ते अडवलं. त्या रुळांवरून तुझी भुसावळची गाडी जाते. घागरीत विष दिसलं तर तुझ्या बाईनं काय करावं? उत्तर दे.

सगळीच पत्रं तशी नसतात, हेही खरं. माझ्याशेजारी जीवरामभाऊ बसतात, निवृत्त कारकून, फार काटेकोर. परवा त्यांनी एक पत्र साहेबांपुढे नेलं. ‘मेथी दोन शेर, गूळ पाच शेर, डिंक अर्धा शेर, सगळं एकत्र करून पाठव, उशीर नको.’ त्यांना ही सांकेतिक भाषा वाटली. मी म्हटलं, भाऊ, कुणीतरी बाळंत झाली आहे. ते म्हणाले, तसंच वाटावं म्हणून लिहिलंय. तू असतीस तर हसून हसून खुर्चीवरून पडली असतीस. मला एकटीला फार हसता आलं नाही.

एक गोष्ट केली ती तुला सांगितली पाहिजे, म्हणजे माझ्याविषयी तुझं मत थोडं निवळेल. गुरुवारी एका गिरणीतल्या माणसाचं बायकोला धाडलेलं कार्ड आलं. सगळं घरचंच. मी धडधाकट आहे, पोळ्याला सुटी नाही, बैलांची शिंगं तू रंगव, आईच्या गुडघ्याला तेल लाव. पण ज्यानं लिहून दिलं त्यानं खालच्या कोपऱ्यात आपली एक ओळ घुसवली होती, गिरणीच्या फाटकाशी कोणत्या दिवशी जमायचं याची. नियमानं अख्खं कार्ड अडवायचं. ओळीवर शाई फिरवायची सोय राहिली नाही, उजेडात धरलं की खालचं वाचता येतं म्हणून शाई बंद झाली. जीवरामभाऊ म्हणाले, पेटीत टाका. मला ते होईना. मी कात्री घेतली आणि तेवढा कोपरा कापला, तीन बोटांएवढा. उरलेलं कार्ड पत्त्याकडे लक्षही न देता पिशवीत टाकलं.

घरी येताना बरं वाटत होतं. कुठल्यातरी घरी एका बाईला नवऱ्याची खुशाली मिळणार होती, आणि ती माझ्यामुळे, हे तिला कधी कळणारही नव्हतं.

डोळा जप.

तुझी,
इंदू

•

पिंप्राळा,
२२ सप्टेंबर १९४२

इंदू,

एका डोळ्यानं लिहिते आहे. डॉक्टरांनी दीड महिना प्रवासाला आणि लिहिण्या-वाचण्याला बंदी केली आहे. पण हे लिहिल्यावाचून गत्यंतर नाही.

परवा दुपारी स्टेशनावरून बैलगाडीनं घरी आले. मंजुळा ओट्यावर बसली होती. कपाळ मोकळं, हात मोकळे. मी गाडीतूनच विचारलं, काय झालं गं? तानुबाईनं सांगितलं, सुकदेव गेला.

चौदा तारखेला लोटननं कार्ड आणलं. त्या दिवशी त्यानं हाक मारली नाही. दोन बोटांत धरून उंबऱ्याशी ठेवलं आणि सायकल ढकलत निघून गेला. कार्डाचा कोपरा नव्हता. इंदू, कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे काय, हे तुला मी सांगायला हवं का? तुझ्या-माझ्या घरी येत नव्हती कुणी गेल्याची ती कार्डं? असलं कार्ड घरात नेत नाहीत. ते वाचतही नाहीत. ते आलं म्हणजेच वाचलं. तानुबाईनं अंगणात त्याचे तुकडे केले, वर पाणी ओतलं, सगळ्यांनी अंघोळी केल्या आणि त्याच अंघोळीत मंजुळेच्या बांगड्या फोडल्या. अक्षर ओळखीचं नव्हतं, पण त्या घरचं धुळ्याला सुकदेवशिवाय दुसरं आहे कोण? शिवाय गिरणीच्या फाटकाशी लाठी चालल्याची बोलवा आधीच इथवर आली होती. मी घरी असते तर तुकड्यांतूनही वाचलं असतं. मी भुसावळला खाटेवर पडले होते.

मंजुळेचा भाऊ चुडामण धुळ्याला जाऊन आला. चाळीत कुणी नीट बोलेना. लाठी झाल्यापासून सुकदेव दिसला नाही, एवढंच म्हणाले. निम्मी चाळ पळालेली.

हे सगळं ऐकून मी घरात आले आणि कोनाड्यावरच्या फळीवर ठेवलेलं तुझं बारा तारखेचं पत्र उघडलं.

मग मी तशीच लोटनकडे गेले. विचारलं, कोपरा हातानं फाडलेला होता की कात्रीनं कापलेला? तो म्हणाला, “अक्का, सरळ होता वाटतं. पण असलं कार्ड कोण निरखून बघतं?” मी तानुबाईला तुझी गोष्ट सांगितली. ती म्हणाली, शिकलेल्या बाया आहात, काहीही जुळवाल, कार्डाचा कोपरा कुणी उगाच कापतं का? म्हाताऱ्या माणसांना तुझ्या तोंडून नाव हवं आहे, कागदावर.

मंजुळेनं सगळं ऐकलं. ती फक्त एवढंच म्हणाली, “अक्का, माले बठ्ठं सांगा. तो शे का नही?”

तेव्हा मला दुसरं काही लिहू नकोस. ते कार्ड सुकदेवचं होतं का? हो की नाही?

कुंदा

•

पिंप्राळा,
६ ऑक्टोबर १९४२

इंदू,

दोन आठवडे झाले. एक अक्षर नाही.

आधी वाटलं, गाड्या बंद असतील. पण इतरांची पत्रं येत आहेत. जळगावला जाऊन तार करायला लोटनला धाडलं. तारा तुटल्या आहेत, खाजगी तार घेत नाहीत म्हणून परत आला.

तू घाबरलीस असं वाटतंय. शाळेत माझ्या हातून प्रार्थनेच्या खोलीतला दिवा फुटला तेव्हा तू अशीच गप्प बसली होतीस आणि मी एकटी उभी राहिले होते. तेव्हा मी तुला काही म्हटलं नव्हतं. आता म्हणते.

चुडामणनं एरंडोलकडचा एक विधुर पाहिला आहे. दोन लहान मुलं आहेत, घर बाईवाचून अडलंय. आमच्याकडे या घरांत विधवेचा पाट लावायला कुणाची हरकत नसते. मंजुळा नाही म्हणते. पण कुणाच्या जोरावर नाही म्हणेल?

कुंदा

•

पिंप्राळा,
१५ ऑक्टोबर १९४२

इंदू,

आज तुझं पत्र आलं. वर ‘प्रिय कुंदा’, खाली ‘तुझी इंदू’ आणि मधे खिडकी. कुणीतरी सगळा मजकूर चौकोनी कापून काढला आहे. मी ते उजेडात धरलं तर त्यातून मला माझं अंगण दिसलं, अंगणापलीकडे मंजुळा शेण सारवताना दिसली.

मागच्या पत्रात मी तुला बोलले ते मागे घेते. खूप वेळ तो कागद हातात घेऊन बसले. ‘नाही’ हे उत्तर असतं तर ते कुणी कापलं असतं का? मेलेल्या माणसाबद्दल लिहायला बंदी असल्याचं मी ऐकलेलं नाही. तेव्हा माझ्यापुरतं मला उत्तर मिळालं. सुकदेव आहे.

पण ते माझ्यापुरतंच. मी तो कागद घेऊन समोर गेले. पंचांसारखी सगळी बसली होती, सुकदेवचा बाप पुना, तानुबाई, चुडामण. मी म्हटलं, हे बघा उत्तर. चुडामणनं कागदाच्या भोकातून बोट काढून दाखवलं आणि म्हणाला, “अक्का, ह्यामा काय लिखेल शे ते वाचा ना मंग.” बाकी कुणी हसलं नाही, पण पुना हसला. चुडामण वाईट नाही. बहिणीचं भलं त्याला जसं दिसतं तसं तो करतो आहे.

दसऱ्यानंतरचा सोमवार ठरला आहे, सव्वीस तारीख. मंजुळा आता नाही म्हणत नाही. रोज दुपारी कणगीतली जुनी कार्डं घेऊन येते. माझा डोळा पाणावतो म्हणून मी वाचू शकत नाही, तर ती एकेक कार्ड हातात घेऊन मलाच सांगते, हे पोळ्याचं, हे आईच्या गुडघ्याचं, हे ज्यात त्यांनी नवा सदरा घेतला. सगळी तोंडपाठ आहेत. मी हो हो म्हणते.

इंदू, मला वाचता येतं म्हणून हे गाव माझ्याकडे येतं. आज पहिल्यांदा सगळी मला वाचता येत नसल्यासारखी माझ्याकडे बघत होती.

काही करता आलं तर कर. टपालानं नको.

कुंदा

•

धुळे,
२२ ऑक्टोबर १९४२

प्रिय कुंदा,

हे पत्र प्रेमकुंवरबाईंच्या हाती देते आहे. लखीचंदशेटांच्या पत्नी. उद्या त्या चाळीसगाववरून जळगावला बहिणीकडे निघाल्या आहेत. मी पुडकं दिलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “बाई, यात कुणाचं वाईट तर नाही ना?” मी म्हटलं, नाही. त्यांनी ते पापडांच्या डब्याखाली ठेवलं. त्या शनिवारी माणूस पाठवून पिंप्राळ्याला पोहोचवतील. सोमवारच्या आत.

हो. ते कार्ड सुकदेवचं होतं आणि तो आहे.

तुझं बावीसचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी उत्तर लिहिलं. रजिस्टरातली नोंद बघून नाव लिहिलं, तेल लावण्याचं लिहिलं, कोपऱ्याचं लिहिलं. मग तू अजून उत्तर मिळालं नाही म्हणालीस, तेव्हा पुन्हा लिहिलं. दोन्ही पत्रं जीवरामभाऊंच्या हाती गेली. पहिलं त्यांनी पेटीत टाकलं, दुसऱ्यातला मजकूर कापला. सेन्सॉर काय करतं हे बाहेर सांगायचं नाही, असा नियम आहे आणि मी त्यावर सही केली आहे. ते माझ्याशी रोज गोड बोलत होते. परवा मी विचारलं तेव्हा म्हणाले, “बाई, तुमचं पत्र आहे म्हणून सोडलं असतं तर दुसऱ्यांचं अडवायला मला तोंड उरलं असतं का?” मीही तेच म्हटलं असतं.

ते जेवायला गेल्यावर मी अडवलेल्या पत्रांची पेटी उघडली. माझं पत्र शोधत होते. खाली सुकदेवची दोन कार्डं मिळाली, तुरुंगातून आलेली. लाठीच्या दिवशी तो फाटकाशी होता आणि पकडला गेला. कार्डांत कोठडीतल्या दोघांची नावं आहेत, तेवढ्यासाठी अडवलेली.

नुसत्या कार्डांवर विश्वास ठेवायला माझं मन धजेना. बुधवारी नातेवाइकांची भेट असते. त्याची मावशी म्हणून रांगेत उभी राहिले. कपाळाला खोक होती, ती सुकली आहे. अंगानं बरा आहे. मी त्याला सगळं सांगितलं. मी कोण, मी काय कापलं आणि त्याच्या घरी काय झालं. लपवलं नाही. त्यानं दोन्ही हातांनी गज धरले. मग विचारलं, “आई रडनी का?”

मी म्हटलं, फार रडली.

“मंग ठीक शे,” तो म्हणाला आणि हसला. “माले वाटे, तिले फक्त धाकलाच पोऱ्या शे.” मग त्याचं हसू गेलं. मंजुळेच्या बांगड्यांचं त्यानं विचारलं नाही, मीच सांगितलं. तो म्हणाला, “तिले सांगा, मी येसू. कधी ते माले माहीत नही, पन येसू.” पाटाबद्दल मी त्याला सांगितलं नाही. ते सांगण्याची वेळ तू येऊ देणार नाहीस.

तुला वाटेल की मी आता तुझ्या बाजूला आले. पूर्ण नाही. रुळांचं ते पत्र मी आजही अडवलं असतं आणि ते मी पेटीतच ठेवलं आहे. पण कुंदा, सुकदेवच्या कार्डाचं वाईट मी त्यातली ओळ वाचल्यामुळे झालं नाही. कापल्यावर ते कुठल्या दारात जाऊन पडेल, याचा विचार मी केला नाही म्हणून झालं. कोपऱ्याची रीत मला ठाऊक नव्हती असं नाही. माझे वडील गेले तेव्हा घरून असंच कार्ड शाळेत आलं होतं. पण त्या टेबलावर बसलं की कार्ड नुसतं कार्ड होतं. आणि कुठलीही मंजुळा त्या खोलीचा जिना चढून, माझ्या कागदाचा कोपरा कुठे गेला, असं विचारू शकत नाही. तिला तर तशी खोली आहे हेही माहीत नाही.

मी काम सोडलं आहे. पेटीतली पत्रं मी आणली, हे आज ना उद्या कळेल. साहेबांना मी स्वतःच सोमवारी सांगणार आहे, मंगळवारी कचेरीत बोलावतील असं वाटतं. वकील नको. जे केलं ते केलं म्हणून सांगायचं आहे, त्याला वकील कशाला? खोलीची किल्ली प्रेमकुंवरबाईंच्या सुनेकडे ठेवली आहे. घर रिकामंच असतं, फार काही बदलणार नाही. या दोन महिन्यांत दिवसाला दोनशे पत्रं वाचली आणि तुझं ते खिडकीचं पत्र वाचून मला पहिल्यांदा वाटलं की मलाही पत्र आलं.

जळगावकडची अडवलेली जेवढी हाती लागली तेवढी पुडक्यात आहेत. ज्याची त्याला द्यायची आहेत, ती अशी.

असोद्याच्या भिकुबाईला तिच्या लेकीचं पाकीट. लेकीनं विचारलं आहे, बाळंतपणाला येऊ का? पत्र सहा आठवडे जुनं आहे. लोटनला आधी चौकशी करायला पाठव, मगच दे.

जळगावच्या भिकमचंदांना मारवाडी अक्षरांतलं एक. त्यात काय आहे मला माहीत नाही. जीवरामभाऊंनाही वाचता आलं नाही, म्हणून ते अडवलं होतं.

माझं पंचवीस सप्टेंबरचं पत्र तुला. वाच अगर वाचू नकोस, पण ते तुझं आहे. डोळा बरा होईपर्यंत थांबलीस तरी चालेल.

कापलेला कोपरा पाठवत नाही. तो रजिस्टरात माझ्या सहीखाली चिकटवलेला आहे. मी काय केलं याची ती एवढीच खूण आहे, ती तिथेच राहू दे.

चुडामणला जास्त मजकुराचं कार्ड वाचून दाखव, सगळ्यांदेखत, दोनदा. तानुबाईला सांग की तिच्या मुलानं सर्वांआधी तिचं विचारलं. बाकीचं सांगू नकोस.

दोन्ही कार्डं मंजुळेची. पण तिच्याकडे जाताना ती पदराखाली ठेव. आता कार्ड दिसलं की ती दचकेल. आधी अंगणातूनच मोठ्यानं सांग की सुकदेव आहे, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. ती उठून तुझ्यापर्यंत आली की मग तिच्या हातात दे. चारही कोपरे मी पाहिले आहेत, दोन्ही कार्डांचे.

तुझी,
इंदू